बंद टपाचा रविवार

बटण दाबलं तेव्हा टपाच्या पोटात कुठेतरी टक् झालं, आणि पुढे काहीच झालं नाही. त्र्यंबकने बोट उचललं. गाडी सुरू आहे ना, ब्रेकवर पाय आहे ना, मागची डिकी नीट लागली आहे ना, हे सगळं पाहिलं आणि पुन्हा दाबलं. टक्. दर वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, भांगरवाडीतल्या आपल्या बंगलीच्या फाटकाशी, या बटणासरशी मोटर घरघरायची, डोक्यावरचं काळं कापड सावकाश मागे सरकत घडी होऊन बसायचं आणि लोणावळ्याचं धुतलेलं आकाश एकदम मांडीवर यायचं. चार महिन्यांचा पाऊस कव्हरखाली काढलेल्या गाडीने घेतलेला तो पहिला श्वास असायचा. आज गाडीने श्वास घेतलाच नाही. बाजूच्या सीटवर अरुंधती पट्टा लावून, मांडीवर स्कार्फ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "राहू दे ना. तसंच जाऊ. बंदच." त्र्यंबकने तिसऱ्यांदा बटण दाबलं. टपासाठी नाही. टप काय, दुरुस्त होतो. पण त्याला आज बायकोशी जे बोलायचं होतं ते वाऱ्यात बोलायचं होतं, आणि वारा आता बाहेर राहिला होता.

ती जाणार होती. उद्या सकाळी. बोलण्यात ते 'थोडे दिवस बेगडेवाडीला' असं होतं. शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीचा फ्लॅट तिथे स्टेशनाजवळ रिकामा पडला होता. "जरा हवापालट," अरुंधती म्हणाली होती, आणि त्र्यंबकने वर्तमानपत्रामागून "हं" म्हटलं होतं. लोणावळ्याहून बेगडेवाडीला हवापालटाला कोणी जातं का, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही. मग मागच्या आठवड्यात चहा करायला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, आणि ओट्यावरच्या फळीवर एक गोल, स्वच्छ, बाकीच्या फळीपेक्षा उजळ असा डाग त्याला दिसला. तिथे मिसळणाचा डबा असायचा. हळद, तिखट, मोहरी, जिऱ्याच्या वाट्यांचा तो पितळी डबा तिला आईने दिलेला. लग्नानंतर ज्या ज्या घरात ते राहिले, त्या त्या घरात सामानाच्या टेम्पोतून नाही, तिच्या मांडीवर बसून तो आला होता. त्र्यंबकने कपाटं उघडून पाहिली. डबा आतल्या खोलीत, तिच्या बॅगेत, दोन साड्यांच्या मध्ये गुंडाळून ठेवलेला सापडला. थोड्या दिवसांसाठी जाणारं माणूस मिसळणाचा डबा नेत नाही. तो बॅगेशी तसाच उकिडवा बसून राहिला. चहाचं आधण आटून भांडं जळल्याचा वास आला तेव्हा उठला. त्यानंतर तिला काही विचारावं असं त्याला रोज वाटलं आणि रोज त्याने ते रविवारवर ढकललं. रविवारी गाडी निघेल, टप उघडेल, वारा सुटेल, मग म्हणता येईल. दोनच शब्द होते. जाऊ नकोस. तेवढे म्हणण्यासाठी माणसाला वारा लागावा, ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हती.

गाडी जुन्या हायवेला लागली. बंद टपाखाली आपण दोघं किती जवळ बसतो, हे त्र्यंबकला आज कळलं. दोन सीटांची गाडी. तिसऱ्याला जागाच नाही. कोपर हलवलं की कोपराला लागायचं. आठ वर्षांपूर्वी, नोकरीतून मोकळा व्हायच्या आधी, मुंबईच्या एका बंगलेवाल्याकडून त्याने ही गाडी घेतली. त्या माणसाने ती चार वेळा चालवून तुंगार्लीच्या गॅरेजात उभी करून ठेवली होती. गडद हिरवा रंग, आत तपकिरी कातडं. नातेवाईक हसले. धो धो पावसासाठी अख्ख्या राज्यात नावाजलेलं हे गाव, आणि यांना बिनटपाची गाडी. पण त्र्यंबकने गाडी अशी सांभाळली की हसणारे गप्प झाले. या गाडीचा जीव तिच्या टपात असतो. कापडाच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात; त्यात झाडाचं एक पान अडकलं तरी पाणी उलटून आत येतं आणि सीटखालचा गालिचा कुजतो. तो पावसाळ्याआधी नायलॉनची दोरी घालून त्या नळ्या साफ करायचा. रबराच्या पट्ट्यांना बोटाने, मलम लावल्यासारखं, सिलिकॉन लावायचा. कापडाला मऊ ब्रश, एकाच दिशेने. उंदरांसाठी बॉनेटखाली डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या. कातड्याला बुरशी धरू नये म्हणून श्रावणभर आठवड्याआड पुसणं. आणि उघडझाप करताना टपाच्या बिजागऱ्यांना कान लावून ऐकणं, कारण आवाजातला एवढासा फरक म्हणजे पुढचं मोठं दुखणं. हे सगळं अरुंधतीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. एकदा ती म्हणाली होती, "बाळंतिणीचंसुद्धा इतकं कोणी करत नाही." त्याला तो कौतुकाचा सूर वाटला होता.

आणि लोकांना ते दोघं आवडायचे. खरंच आवडायचे. ऑक्टोबर ते मे, दर रविवारी सकाळी हिरवी उघडी गाडी निघायची, तो टोपी घालून, ती निळा स्कार्फ बांधून. चिक्कीच्या दुकानापाशी उभे असलेले पर्यटक हात करायचे. पुण्याच्या एका पोरीने मोबाइलवर फोटो काढून म्हटलं होतं, "काका, आम्हाला तुमच्यासारखं म्हातारं व्हायचंय!" मुलगी श्रद्धा नाशकाहून तो फोटो सगळ्या नात्यागोत्यात फिरवायची आणि खाली बदाम टाकायची. उघड्या गाडीत माणूस दुकानातल्या काचेत मांडल्यासारखा असतो. बघणाऱ्याला दोन माणसं शेजारी शेजारी बसलेली दिसतात, तिचा स्कार्फ उडताना दिसतो, तिचे ओठ हलताना दिसतात, त्याची मान डोलताना दिसते. एवढं दिसल्यावर आणखी काय पाहायचं राहतं? त्र्यंबक स्वतःसुद्धा तेवढंच पाहत आला होता. आपला संसार चांगला चालला आहे याचा त्याच्याकडचा पुरावा म्हणजे हे रविवार होते. आता कार्ल्याच्या अलीकडे, काचा वर केलेल्या गाडीत, तिच्या श्वासाचा आवाज ऐकताना त्याला वाटलं, या आवाजाची आपल्याला ओळखच नाही. तिचा श्वास घेताना मध्येच किंचित अडखळतो. कधीपासून? डोक्याच्या तेलाचा वास येत होता, रबराचा, चार महिने दबलेल्या कातड्याचा. बांगडी दाराला लागली आणि तो दचकला.

ते बोलत नव्हते असं नाही. गॅस आला, दूधवाला आला नाही, श्रद्धाचा फोन येऊन गेला, हे सगळं बोललं जायचंच. पण त्यापलीकडचं बोलणं कधी बंद पडलं ते त्र्यंबकला सांगता आलं नसतं. सुरुवातीला स्कूटर होती. तळेगावात नवं बिऱ्हाड, तो हॉस्पिटलात नवा भूलतज्ज्ञ, ती शाळेत नवी शिक्षिका. ती मागे बसून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकायची आणि घर येईपर्यंत बोलायची, थेट कानात. मुख्याध्यापिकेची नक्कल, कोणा पोराच्या वहीतल्या गमती, आईचं काय काय. त्याला एकूण एक शब्द ऐकू यायचा. मग श्रद्धा झाली, मग हेल्मेट आलं, मग मोठी गाडी आली आणि ती मागच्या सीटवर लेकीला घेऊन बसायला लागली. आणि धंदाही असा की माणसं त्याच्यासमोर बोलता बोलता गप्प होत. टेबलावर घाबरून पडलेल्या पेशंटला तो विचारायचा, गाव कुठलं? काय पिकतं तुमच्याकडे? औषध शिरेत जात असायचं. पेशंट सांगायला लागायचा, "टाकव्याकडचा मी, भात असतोय, आन्..." आणि तिथेच जीभ जड व्हायची. 'आन्'च्या पुढे काय, हे त्र्यंबकला आयुष्यभर कोणी सांगितलं नाही. त्यालाही ते ऐकायचं नसायचंच. प्रश्न विचारायचा तो माणूस गप्प कधी होतो हे कळण्यासाठी. चांगला भूलतज्ज्ञ होता तो. त्याच्या हातून कधी काही वाकडं झालं नाही, सगळे नीट झोपले, सगळे नीट उठले. घरी मात्र ही सवय बाहेर काढून ठेवायला खुंटी नव्हती.

कान्ह्याच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबवावी लागली. फाटक नुकतंच पडलं होतं. पुढे एक ट्रॅक्टर, मागे टमटम. त्र्यंबकने इंजिन बंद केलं आणि लगेच पस्तावला, कारण तोवर निदान इंजिनाचा आवाज होता. आता काहीच नव्हतं. काचेवर दसऱ्याच्या झेंडूची एक वाळकी पाकळी चिकटली होती, तिच्याकडे दोघंही बघत राहिले.

"काहीतरी म्हणायचंय तुम्हाला," अरुंधती म्हणाली. "सकाळपासून ओठ हलताहेत."

"टपाचा पंप गेला असेल," तो म्हणाला. "चार महिने हलला नाही की असं होतं. पावसात एखाद्या कोरड्या दिवशी उघडझाप करायला हवी होती."

"हं." तिने मांडीवरच्या स्कार्फची घडी घातली. मग अगदी साध्या आवाजात, भाजी काय करू असं विचारावं तसं म्हणाली, "मे महिन्यात विचारलं होतं मी तुम्हाला."

"काय?"

ती पट्ट्यासकट त्याच्याकडे वळली. इतक्या जवळून तिने त्याच्याकडे कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना. "हा 'काय' ऐकायला मी आठ वर्षं थांबले हो," ती म्हणाली. "या गाडीत मी दर रविवारी बोलायचे. कार्लं मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तुम्ही वेग घेतलात की सुरू करायचे. पहिल्यांदा ऐकू जात नाही म्हणून राग यायचा. नंतर बरं वाटायला लागलं. काय वाटेल ते बोलता यायचं. आई अंथरुणावर होती तेव्हा तुम्ही एकदाही माझ्याबरोबर आला नाहीत, ते बोलले. ती गेल्यावर मला कशी झोप यायची नाही, ते बोलले. चांगल्या शिव्या दिल्यात तुम्हाला, तोंडावर. आणि तुम्ही हसून मान डोलवायचात. हो, हो."

"मला वाटायचं तू डोंगराबद्दल..." त्र्यंबक म्हणाला. "ढगांबद्दल असं काहीतरी म्हणतेस."

"माहीत आहे."

"मेमध्ये काय विचारलंस?"

"म्हटलं, मी वेगळी राहू का? इथून पुढे. तुम्ही म्हणालात, हो हो, मस्त."

फाटकापलीकडून लोकल आली. रविवारची रिकामी लोकल, दारात एक माणूस भेळ खात बसलेला. त्र्यंबकला तो रविवार आठवत होता. तिचे ओठ बराच वेळ हलत होते, शेवटी ती त्याच्याकडे वळून थांबली होती, उत्तराची वाट बघत असावी अशी. पवनेकडच्या डोंगरांवर वळवाचे ढग चढत होते आणि तेच ती दाखवते आहे असं धरून तो मनापासून म्हणाला होता, हो हो, मस्त. किती आनंदात होता तो त्या दिवशी! घरी येऊन त्याने गाडी धुतली होती.

"मला ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला.

"तेही माहीत आहे. न ऐकलेल्या होकारावर घर सोडण्याइतकी मी खुळी नाही. पण वाटलं, घरी पोचल्यावर तरी विचाराल. काय म्हणत होतीस गं मघाशी? एवढंच. मग पाऊस लागला. गाडी कव्हरात गेली. चार महिने एका घरात होतो आपण, मी वाट बघत होते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं, निदान वरचा आवाज काढता येतो. ही बाई सगळं आवरून, ओटा पुसून, दिवा मालवायच्या बेतात असल्यासारखी बोलत होती. "लांब नाही जात मी. लोकलने येता येईल. पण तिथे समोरच्या दारात माणसं राहतात. दार उघडं ठेवून बोलतात." मग ती म्हणाली, "तुम्हाला काही म्हणायचंय का?"

फाटक वर जात होतं. ट्रॅक्टरने धूर सोडला. मागचा टमटमवाला हॉर्न वाजवायला लागला. त्र्यंबकच्या जिभेवर ते दोन शब्द होते, अगदी टोकाला, आणि त्याने तोंड उघडलंही. इतकं शांत होतं आत की जे म्हणू ते तिला नक्की ऐकू जाणार होतं. ऐकू जाणार, आणि मग ती उत्तर देणार. नाही म्हणाली तर ते 'नाही' या एवढ्याशा डबीत दोघांच्या मध्ये बसून घरापर्यंत येणार. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"टप हाताने उघडता येतो," तो म्हणाला. "डिकीत एक स्क्रू असतो. तो सैल केला की झालं."

अरुंधतीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती समोर वळून बसली. "बघा मग," ती म्हणाली.

टाकव्याच्या रस्त्याला शेतं पिवळी पडायला लागली होती. इंद्रायणी भाताचा वास काच खाली केल्याबरोबर आत आला. दर वर्षी याच वासासाठी तो ही वाट धरायचा. एका बांधाशी चाकं जरा आत घेऊन त्याने गाडी लावली आणि उतरून डिकी उघडली. हातात पाना आल्यावर त्याला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतं आहे याची शिसारीही आली. बायको उद्या निघून चालली आहे आणि हा बाबा स्क्रू शोधतो आहे. तरी बोटं आपलं काम करत होती. गालिचा उचलला, झाकण काढलं, स्क्रू सापडला, अर्धा फेरा. तेलाचा दाब सुटल्याचा बारीक उसासा झाला. आता टप दोन्ही बाजूंनी धरून, एकदमच, मागे न्यायचा. एकट्याचं काम नव्हतं ते. शेतातून एक म्हातारा आणि त्याच्या मागून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, असे बांधावर आले.

"काय झालं भाऊ? बंद पडली का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही आबा. टप उघडायचाय."

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने भारा खाली टाकला, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "टप उघडायचाय म्हनत्यात! गाडीचा!" मग अरुंधतीकडे वळून हसत म्हणाली, "ह्यांना लय कमी ऐकू येतं बाई. सारखं वरडाय लागतं. गावाला वाटतं, हौशीराम आन् लीलाबाईचं भांडानच सरंना."

"आणि हे काय म्हणतात?" अरुंधतीने विचारलं. ती केव्हाच उतरली होती.

"काय म्हनणार? काय म्हनलीस, पुन्ना सांग. दिसभर त्येच. जीव नकोसा करत्यात."

अरुंधती हसली. मनापासून हसली. ते हसू स्कूटरच्या दिवसांतलं होतं. त्र्यंबक डिकीच्या झाकणाआड होता. त्याने पाना पुसला. आधीच पुसलेला होता, तो परत पुसला.

"चांगला बंद हाय की," हौशीराम टपावर तळवा फिरवत म्हणाला. "उघडायचा कशापायी? ऊन लय हाय."

याला काय सांगणार? त्र्यंबकने त्याला पलीकडच्या बाजूला जायची खूण केली, पण अरुंधती आधीच तिकडे जाऊन उभी होती. "मी धरते," ती म्हणाली. आठ वर्षांत तिने टपाला हात लावला नव्हता. म्हणजे त्याने लावू दिला नव्हता. कापडाला सुरकुती पडते, तुला नाही जमायचं. आता तिने कड अचूक पकडली आणि त्याच्याकडे पाहिलं. "एकदम ना?" त्याने मान हलवली. दोघांनी उचललं. मध्ये हौशीरामने हात दिला. टप जड होता पण कुरकुरला नाही. दोन्ही बाजू सारख्या उठल्या, सारख्या वाकल्या, ती एक पाऊल मागे आली तसा तो आला, आणि कापड घडीवर घडी पडत आपल्या खाचेत जाऊन बसलं. चादरीची घडी घालताना दोघं जणं समोरासमोर येतात तसे ते डिकीपाशी समोरासमोर आले. तिच्या कपाळावर घाम होता. बोटांना काळं लागलं होतं. त्र्यंबकला वाटलं, आता. आता म्हणावं. लीलाबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, "जोडा लय शोभतुय बाई," आणि काकडीचे दोन तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. "खावा. आत्ताच तोडलीया." ते तिथेच उभ्याने काकडी खात राहिले. मग हौशीरामने विचारलं, ह्या गाडीत पोतं कुटं ठेवता? आणि त्र्यंबक त्याला डिकी दाखवत बसला.

परतताना अरुंधतीने स्कार्फ बांधला. निळाच. हनुवटीखाली गाठ मारून तिने हात मांडीवर ठेवले. कान्हं गेलं, कामशेत गेलं, हायवे मोकळा झाला. या गाडीचं एक गणित त्र्यंबकच्या अंगात मुरलेलं होतं. चाळीसपर्यंत शेजारच्या माणसाचं नीट ऐकू येतं. साठला ओरडावं लागतं. सत्तरच्या वर फक्त ओठ दिसतात. हे त्याला इतकं ठाऊक होतं तर आठ वर्षं दर रविवारी आपण सत्तरच्या वरच का राहिलो? तिने बोलायला तोंड उघडलं की पाय आपसूक खाली जायचा, हे आज त्याला पायातच जाणवलं, पोटरीत, घोट्यात. वेग घेतलात की मी सुरू करायचे, असं ती म्हणाली होती. ती उलटं समजली होती. आधी तिने सुरू केलं होतं. पहिल्याच वर्षी कधीतरी, काहीतरी आईबद्दल, हॉस्पिटलबद्दल, 'तुम्ही त्या दिवशी' अशी सुरुवात होती, ती त्याने ऐकली होती. ऐकून पाय दाबला होता. त्याने माणसाला भूल दिली होती, रस्त्यावर, दिवसाढवळ्या, रविवारच्या रविवार. हे तिला कळलं नव्हतं, आणि ते सांगायची छाती त्याच्यात नव्हती. त्याला रडू येत होतं, आणि वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतच असल्यामुळे ते कोणाला कळलंही नसतं.

आज ती बोलत नव्हती. समोर बघत होती, ओठ मिटून. तिचं बोलून संपलं होतं. मग त्र्यंबकने बोलायला सुरुवात केली. काटा सत्तरच्या वर होता. "जाऊ नकोस," तो म्हणाला. वाऱ्याने शब्द ओठांवरूनच ओढून नेले. त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग त्याला थांबता येईना. मी डबा पाहिला, तो म्हणाला. बॅगेत पाहिला. आठवडाभर झोपलो नाही मी. तू गेलीस तर त्या घरात मी काय करू, माझ्याशी बोलायला कोणी येत नाही अरू, मलाच कोणाशी बोलता येत नाही, मला शिकव, मी रोज विचारीन, काय म्हणालीस, दहादा विचारीन, जाऊ नकोस. त्याला स्वतःलाही यातलं काही ऐकू येत नव्हतं. बाजूने एका बसमधल्या पोरांनी हात हलवले, कोणीतरी मोबाइल बाहेर काढला.

अरुंधतीच्या ते लक्षात आलं. ती त्याच्याकडे वळली. त्याचे हलणारे ओठ तिने क्षणभर पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, प्रसन्न, सभ्य, फोटोत शोभेल असं. तिने मान डोलावली. "हो, हो," तिचे ओठ म्हणाले. मग तिने बोट करून कार्ल्याच्या डोंगरावरचा ढग त्याला दाखवला.

पाय जरा उचलला असता तर काटा खाली आला असता. साठ, पन्नास, चाळीस. वारा पडला असता, आणि त्याच शब्दांना आवाज आला असता. ती म्हणाली असती, काय? काय म्हणालात? त्र्यंबकने पायाकडे पाहिलं. बूट, मोजा, घोटा, सगळं त्याचंच होतं. त्याने पायाला सांगितलं, ऊठ. ढग मागे राहिला, कार्ल्याचा फाटा मागे राहिला, चिक्कीची पहिली दुकानं दिसायला लागली, आणि पाय होता तिथेच होता.